पडलेलं गेज
बायको गेल्यावर तिची पेटी रिकामी करताना तळाला माझा कंपनीतला सदरा सापडला, आणि इतक्या धुण्यांनंतरही त्याला मशीनच्या तेलाचा आंबूस वास होता. वाळूजच्या कारखान्यात मी स्कूटरच्या ब्रेकचे भाग तपासायला होतो. एक दिवस जाडी मोजायचं गेज हातातून फरशीवर पडलं. पडलं की माप चुकू शकतं, म्हणून पडलेलं गेज लगेच जमा करायचं असा नियम, पण साहेब चारचौघांत लई बोलायचा, म्हणून मी ते पुसलं आणि सुटीपर्यंत त्याच्यावरच माल पास केला. संध्याकाळी बायकोला स्कूटरवर मागं बसवून गुलमंडीच्या बाजारात निघालो, तेव्हा हसत हसत तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "थांबवा गाडी." मी थांबवली. "त्या ब्रेकच्या गाडीवर कुणाची बायको बसंल, ठावं हाय का? मी चालत येते." आणि खरंच चालत गेली, मी मागं मागं गाडी ढकलत. सकाळी नोकरी जाणार असं धरूनच साहेबाला सगळं सांगितलं. त्यानं गेज जमा करून घेतलं, मग आदल्या दिवसाचा माल परत उघडून तपासायला लावला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "यानं आपण होऊन सांगितलं, याला मी काही बोलणार नाय. अजून कुणाचं पडलं असंल तर आणा." जेवणाच्या सुटीनंतर त्याच्या टेबलावर आणखी चार गेज होते. घरी सांगितलं तर ती नुसतं "व्हय का" म्हणाली आणि ताट वाढलं. परवा माझ्याकडनं गॅस उघडा राहिला, पोरगा बोलंल म्हणून त्याला सांगितलं नाय. ती असती तर सांगावंच लागलं असतं. आज तो आला की सांगतो.