मौनाच्या घरात नणंदेने मारलेली हाक

माझी धाकटी नणंद शिकली माझ्याएवढीच, म्हणजे सही येते आणि बसची पाटी वाचता येते. नवरा लवकर गेला. माहेरी परत आली तेव्हा मी म्हटलं, "आता इथेच राहा." तर म्हणाली, "वहिनी, तुमच्या दोघांच्या भांडणात रोज कुणाची बाजू घेऊ?" गावाबाहेर टेकडीपाशी एक घर आहे, शहरातली माणसं शांतीसाठी येऊन राहतात. तिथे ती कपडे धुण्याच्या कामाला लागली, राहायलाही तिथेच.

तिथला नियम कडक. सकाळच्या घंटेपासून संध्याकाळच्या घंटेपर्यंत कुणी अवाक्षर काढायचं नाही, नोकरांनीसुद्धा. आमच्या घरात हे तासभर टिकलं नसतं. हिला मात्र मानवलं. चाळीस चादरी, चाळीस अभ्रे, आणि पुढे काय करणार गं, असं विचारणारं कुणी नाही.

तिथला माळी बिनलग्नाचा. तो पहाटे येऊन हिचा पाण्याचा बंब पेटवून ठेवायचा. अशी चार वर्षं गेली. ही त्याला माळीदादा म्हणायची. एका संध्याकाळी घंटा झाल्यावर तो म्हणाला, "ते दादा तेवढं सोडता आलं तर बघा. मला तुमच्याशी लग्न करायचंय."

"उद्या सांगते," म्हणून ही त्या रात्री आमच्याकडे आली. मला म्हणाली, "देवाकडे मी काही मागत नाही आता. एकदा मागितलं होतं, दिलं नाही."

"मग आता न मागता देतोय तर हात मागे का घेतेस?" मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी गेली, तर बंब गार. नळाला पाणी नाही. माळ्याची खोली उघडी, तो नाही. स्वयंपाकीणबाईंनी खुणेने सांगितलं, चहालाही आला नाही. आपण 'उद्या' म्हटलं म्हणून रागावून निघून गेला, असं वाटून ही चादरींच्या गाठोड्यावर मटकन बसली.

बसल्या बसल्या समोरच्या खिळ्याकडे लक्ष गेलं. लांब दांड्याचा ब्रश तिथे नव्हता. तो ब्रश निघतो फक्त जमिनीखालची टाकी घासायला. एरवी माळी आदल्या संध्याकाळी सांगायचा, म्हणजे ही पिंपं भरून ठेवायची. या वेळी लग्नाचं विचारण्याच्या धांदलीत तो टाकीचं सांगायलाच विसरला होता.

ही मागच्या अंगणात धावली. टाकीचं लोखंडी झाकण बंद. पाहुणे अर्धे डोळे मिटून फेऱ्या मारतात, कुणी पडायला नको, म्हणून व्यवस्थापकांनी ते सकाळीच लावून घेतलं होतं. आत वाकून बघायचं मात्र राहिलं होतं. आणि नळ कोरडे दिसले म्हणून टाकी भरायला नुकतेच ते पंपाच्या खोलीत शिरले होते. मोटर सुरू झाली. टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला.

"मोटर बंद करा!" ही ओरडली. व्यवस्थापकांनी दारातून डोकावून ओठांवर बोट ठेवलं.

मग हिचा धीर सुटला. झाकणावर मुठी आपटत ओरडली, "देवा, एवढं एक दे! अहो, आत आहात का? अहो!"

आतून ठक ठक झालं. व्यवस्थापक पंपाकडे धावले. मोटर थांबली, चौघांनी झाकण उचललं. माळी शिडीवरून वर आला, गुडघ्यापर्यंत भिजलेला.

"तोंड नव्हतं का तुम्हाला? सकाळपासून गप्प कसे बसलात?"

त्याने घंटेकडे बोट दाखवलं. ती वाजायला अजून पुष्कळ वेळ होता.

"घंटा गेली खड्ड्यात," ही म्हणाली. "मी हो म्हणतेय. ऐकू आलं का?"

चाळीस पाहुणे झाडांखाली उभे होते, सगळ्यांचे डोळे टक्क उघडे. माळ्याने मान डोलावली.

लग्नानंतर जेवायला आले तेव्हा मी त्याला एकटं गाठलं. "भावोजी, खरं सांगा. पाणी यायला लागल्यावरही ओरडला नाहीत?"

"ओरडणारच होतो वहिनी," तो म्हणाला. "तेवढ्यात हिचं अहो ऐकू आलं. म्हटलं, अजून एकदा म्हणते का बघू."