गोरज मुहूर्ताचा उजेड

शिरूर कासारात ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या की लग्नांना ऊत येतो. हिवाळाभर अर्धा तालुका कारखान्यांच्या पट्ट्यात असतो, आणि मग चैत्र-वैशाखात सगळ्यांना एकदमच पोरी उजवायच्या असतात नि सुना आणायच्या असतात. त्यात वैशाखातल्या दुपारी मांडवात बसायचं म्हणजे भट्टीत बसायचं. म्हणून जो तो गोरज मुहूर्त धरतो. गुरं घराकडे वळतात, धुरळा उडतो, ऊन गेलेलं असतं आणि अंधार अजून पुरता आलेला नसतो. अशा वेळी नवरा-नवरी लई देखणी दिसतात म्हणे. फोटो काढणाऱ्याचं काय होतं, ते कुणी विचारत नाही.

नाथाला विचारायला हवं होतं. बसस्टँडच्या मागे त्याचा स्टुडिओ. नाथा धनगराचा, बाप, चुलते, मामा सगळे मेंढरांमागे. हा एकटाच एका जत्रेत फोटोवाल्याच्या नादी लागला तो लागलाच. आई म्हणायची, मेंढरं हाकायची सोडून माणसं हाकाया लागलाय. लग्नातला ग्रुप फोटो काढताना त्याला बघितलं, तर म्हातारीचं काही चुकत नव्हतं. "मामा, दोन पावलं मागं! काकू, पदर नीट! ए नवरदेवा, कॅमेऱ्याकडं बघ की बे, नवरीकडं जन्मभर बघायचंय!" आवाज असा की बँडवाल्याने दम खावा.

या नाथाला दोनएक उन्हाळ्यांपूर्वी वाटू लागलं, की आपला कॅमेरा म्हातारा झालाय.

दुपारी ठणठणीत. पण गोरजाच्या वेळी डोळा लावून बघावं, तर नवरीचा शालू आणि तिच्या मागचा पडदा एकाच काळपट रंगाचे. आधी त्याने लेन्सवर खापर फोडलं. कॅमेऱ्याबरोबर आलेली झूम लेन्स, तिचं तोंडच बारीक, ती अंधारात किती उजेड आत घेणार? म्हणून त्याने पन्नासची, मोठ्या तोंडाची एक पॉइंट आठवाली लेन्स आणली. तरी अंधारच. मग कॅमेराच बदलला. कमी उजेडातही फोटो उजळ करणारा आयएसओ सोळाशेवरून चौसष्टशेवर नेला, तिथून बारा हजार आठशेवर. शटर साठच्या खाली उतरवून हळू केलं, हात हलू नये म्हणून तिपाई घेतली. एवढा सगळा संसार मांडूनही समोर काळोख तो काळोखच, आणि कॅमेऱ्यातला उजेडाचा काटा मात्र मध्यावर उभा राहून सांगायचा, की झालं, तेवढं पुरे. नाथाला त्या काट्याचा संताप यायचा. डोळ्यांपेक्षा हा शहाणा! त्याला न जुमानता तो आणखी दोन घरं उजेड चढवायचा. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो पांढराफटक दिसायचा, पण त्याचं नाथाला काही वाटत नसे. अंधारात तो पडदा असतो त्याहून उजळच दिसतो, हे धंद्यातला कुणीही सांगेल.

मग एके दिवशी राजेश्वर अल्बम घेऊन आला. राजेश्वर म्हणजे पेठेतला किराणा दुकानदार, नाथाचा जुना दोस्त. त्याच्या धाकट्या भावाचं, रवीचं लग्न नाथानेच काढलं होतं.

"नाथा, लग्न गोरजावर होतं का भर दुपारी बे?" त्याने अल्बम काउंटरवर उघडला. "आमी समया पेटवल्या, माळा लावल्या. कुठं गेल्या त्या?"

नाथाने पाहिलं. मांडवातलं आभाळ पांढरं. समईच्या जागी नुसता पांढरा डाग, वात दिसतच नव्हती. नवरीचं तोंड पिठात बुडवल्यासारखं, आणि सगळ्यावर रवा सांडावा तसे दाणे.

"प्रिंटवाल्यानं वाट लावली," नाथा म्हणाला. चहा पाजला, वेळ मारून नेली. राजेश्वरही भला माणूस. पुढच्या वर्षी बहिणीचं, रुद्राणीचं लग्न आहे, तेव्हा दिवा दिव्यासारखा दिसू दे, एवढंच बोलून गेला.

तो गेल्यावर नाथाने दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि कॉम्प्युटरवर जुने-नवे सगळे फोटो उघडून बघत बसला. जिथे काट्याचं ऐकलं होतं तिथे दिवे दिसत होते, शालूचा काठ दिसत होता, धुरळासुद्धा दिसत होता. जिथे स्वतःचं ऐकलं तिथे सगळं पांढरं. जुन्या कॅमेऱ्याला दिसत होतं, नव्यालाही दिसत होतं. मग न दिसणारं उरलं कोण?

तेव्हा त्याला म्हाळूमामा आठवला, त्याच्या आईचा भाऊ.

म्हाळूमामा दिवस कलला की एका ठरावीक मेंढ्याच्या पाठीवर हात ठेवून चालायचा. पोरांना वाटायचं, लाडका असेल. खरं म्हणजे तिन्हीसांजेला मामाला दिसत नव्हतं. पुढे दिवसाही कडेचं दिसेना झालं, ताट दिसायचं पण शेजारचा तांब्या लवंडायचा. शेवटी शेवटी तो बाजेवर बसून नुसत्या आवाजावरून मेंढरं ओळखायचा. लोक कौतुक करायचे. ते कौतुक आठवून नाथाने कॉम्प्युटर बंद केला.

तो घाबरला होता, आणि घाबरल्याचं कुणाला सांगायची सोय नव्हती. ज्याला संध्याकाळी दिसत नाही, त्याला गोरजाचं लग्न कोण देईल? मग त्याने निमूटपणे काट्याची ताबेदारी पत्करली. लेन्स पूर्ण उघडी, शटर सव्वाशेवर, आयएसओ काटा मागेल तेवढा. डोळ्यांना काय वाटतं ते विचारायचंच नाही. मांडव दुपारी उन्हातच फिरून बघून ठेवायचा, वायर कुठून गेलीय, पायरी कुठे आहे, खड्डा कुठे आहे. गंमत अशी, की फोटो पूर्वीपेक्षा झकास येऊ लागले. लोक नव्या कॅमेऱ्याची तारीफ करायचे, आणि नाथा हसून मान डोलवायचा.

घरात मात्र काहीतरी चाललं होतं. उंबऱ्याजवळची कळशी आपोआप आत गेली. ओट्यावरचा दिवा दिवस मावळायच्या आधीच लागू लागला. हे सगळं बायको करत होती, कौशल्या. कौशल्या म्हाळूमामाचीच लेक. त्यांच्यात मामाची पोरगी करायची रीत. बापाचा हात धरून तिने लहानपणी किती संध्याकाळी काढल्या होत्या, तिच्यापासून कोण काय लपवणार? तरी ती एकदाच म्हणाली, "बीडला डोळ्याच्या दवाखान्यात जाऊन या."

"सीजन संपू दे."

"धनश्रीलाबी घेऊन जा," ती म्हणाली, आणि भाकरी थापायला वळली.

त्या एका वाक्याने नाथाची झोप उडाली. धनश्री त्यांची एकुलती एक. यंदा बारावी झाली होती, आणि तिने घोशा लावला होता: आण्णा, मला कॅमेरा शिकवा, स्टुडिओ मीच चालवणार हाय. नाथा म्हाळूमामाचा भाचा, कौशल्या त्याची लेक. पोरीला हे दोन्हीकडून आलं असेल तर?

त्यानंतर तो पोरीला बघतच राहिला. ती संध्याकाळी अंगण ओलांडताना मोबाइलचा टॉर्च लावायची. विंचवासाठी, का दिसत नाही म्हणून? सगळं गावच टॉर्च लावतं. एकदा ती उभ्या मोटारसायकलला धडकली आणि हसली. तरण्या पोरी धडकतातच. दवाखान्यात जायची त्याला भीती वाटायची. तिथे डॉक्टर सांगतील ते खरं ठरेल, आणि न सांगितलेलं अजून खरं नाही, असा काहीतरी हिशेब त्याने मनाशी धरला होता. पण पोरीच्या हातात कॅमेरा द्यायचा तर आधी कळायला हवं होतं. अंधाराच्या धंद्यात तिला लोटायचं आणि पुढे तिनेही म्हाळूमामासारखी बाज धरायची, हे त्याच्याच्याने होणार नव्हतं.

रुद्राणीचं लग्न शाळेमागच्या मोकळ्या रानात होतं. नाथाने तिपाई धरायला धनश्रीला बरोबर घेतलं. कौशल्या बायकांबरोबर मागून येणार होती. अक्षता पडल्या, काटा मध्यावर ठेवून नाथाने सगळं टिपलं. समयांच्या वाती वातींसारख्या आल्या. राजेश्वरने पडद्यावर बघून त्याच्या पाठीवर थाप मारली.

गर्दी पांगली तशी नाथाने पोरीला मांडवाच्या बाहेर आणलं आणि दिव्यांकडे पाठ करून उभं केलं. लख्ख उजेडातून आल्या आल्या कुणालाच अंधारात दिसत नाही, म्हणून थोडा वेळ तिला बोलण्यात गुंतवलं. अ‍ॅपर्चर म्हणजे काय, शटर हळू केलं की काय होतं, असं काहीबाही सांगत राहिला. पश्चिमेला अजून तांबूस होतं. समोर रानात एक बाभूळ होती; ती तिथे आहे हे नाथाला दुपारच्या फेरीमुळे ठाऊक होतं, दिसत नव्हतीच.

"धनू, त्या बाभळीखाली काय हाय, सांग बरं."

ती बघत राहिली. "काय न्हाई, आण्णा. नुसता अंधार हाय."

"कुणी न्हाई?"

"कुणी न्हाई की. कावून?"

नाथाच्या जिवात जीव आला. म्हणजे खरंच कुणी नसेल. तरी खात्रीसाठी त्याने कॅमेरा तिपाईवर बसवला, आयएसओ बारा हजार आठशे, शटर पंधरावर, आणि बाभळीच्या अंदाजाने बटण दाबलं. मागचा पडदा उजळला.

बाभूळ आली होती, तिचा काटा न् काटा. आणि बाभळीखाली कौशल्या उभी होती. डोक्यावर पदर, एक हात वर उचललेला. हात हलल्यामुळे तेवढा फोटोत पुसट झाला होता. ती तोंडाने हाक मारत नव्हती. आपल्याला कोण बघतंय, ते ती बघत होती.

नाथाने पडदा तळव्याने झाकला. मन अजून सुटायला वाट शोधत होतं. बारा हजार आठशेचा कॅमेरा आहे हा, माणसाच्या डोळ्याला एवढं कुठलं दिसायला. एवढ्या अंधारात कुणालाच दिसलं नसतं. कुणालाच.

मागून, मांडवाच्या तोंडापासून, राजेश्वरचा आवाज आला.

"ओ वहिनी! तिकडं बाभळीखाली कावून उभ्या? कवाच्या हात हालवायल्यात! या इकडं, पंगत बसायलीय!"

धनश्रीने मान वर केली. बाभळीकडे बघितलं, मग तिच्या डावीकडे, मग उजवीकडे.

"आण्णा, कुठं हाय आई?"

नाथाने तिचा हात घट्ट धरला. बाभळीकडे जायची वाट त्यालाही दिसत नव्हती. दोघं तिथेच उभे राहिले, आणि कौशल्याच्या बांगड्यांचा आवाज हळूहळू जवळ येत गेला.