शाळेची जमीन वाळेपर्यंत

एन्सियो किवेलाइतका हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि रंगकाम करत मी अर्धं आयुष्य बांधकामांवरच काढलंय. शाळेच्या कामावरचा मुख्य मुकादम तो. कोर्पिला हे आमचं दोघांचंही गाव. इथली जुनी शाळा बुरशीनं खाल्ली. वरून सगळं ठीक, आतून ओल, आणि पोरं वर्षभर खोकत. ती पाडली, पोरं बसनं शहराच्या शाळेत जायला लागली. नवी शाळा पालिकेनं कशीबशी मंजूर केली, तीही बजावून: ऑगस्टात उघडली तर ठीक, नाहीतर पोरं शहरातच राहतील. एन्सियोची नात पिहला त्याच ऑगस्टात पहिलीत जायची होती.

छप्पर चढलं त्या दिवशी रिवाजाप्रमाणे वाटाण्याचं सूप झालं. सगळं गाव आलं. एन्सियो एरवी तोंड उघडत नाही, पण त्या दिवशी पातेल्याशेजारी उभा राहून म्हणाला, "ऑगस्टात पोरं इथे बसतील. मी सांगतोय." आमच्याकडे असं बोललेलं कुणी विसरत नाही.

मग कंपनीनं तांपेरेहून हेन्नाला पाठवलं. कामाचं नियोजन करणारी इंजिनिअर. तिनं साइटवरच्या ऑफिसची एक अख्खी भिंत रिकामी करून घेतली. शाळेचे भाग पाडले. कामगारांच्या प्रत्येक टोळीनं एका भागात आठवडाभर काम करायचं आणि पुढच्या भागात सरकायचं, मागून दुसरी टोळी येणार, आगगाडीच्या डब्यांसारखी. भिंतीवर प्रत्येक कामाचा एक कागद, आणि प्रत्येक टोळीच्या कागदाचा रंग वेगळा. ऑगस्टपासून उलटं मागे येत कागद चिकटवायचे. ज्याचं काम त्यानंच कागद लावायचा आणि सोमवारी सगळ्यांसमोर शब्द द्यायचा.

मी आधी नाक मुरडलं. पण खरं सांगते, पद्धत चांगली होती. वायरमन माझ्या नुकत्याच रंगवलेल्या भिंती उकरायचा थांबला, मला एवढंच पुरे होतं. एन्सियो तर ऑफिसातल्या त्या कागदांच्या भिंतीच्या प्रेमात पडला. कॉफीचा कप घेऊन रोज तिच्यासमोर उभा.

"लग्न कर तिच्याशी," मी म्हटलं.

"बायकोपेक्षा कमी बोलते," तो म्हणाला.

घात झाला वसंतात. खिडक्या उशिरा आल्या, पाऊस आत आला आणि सगळे डबे मागे पडले.

"आठवडे कुठून काढायचे?" हेन्नानं सोमवारी विचारलं.

एन्सियो उठून भिंतीजवळ गेला. जमिनीचं काँक्रीट ओतायचा कागद आणि त्यावर प्लॅस्टिकची मॅट चिकटवायचा कागद, यांच्यामध्ये भिंत रिकामी होती. ती काँक्रीट वाळायची वेळ. पण वाळायला काही टोळी लागत नाही, म्हणून त्याला रंग नव्हता, कागद नव्हता, त्याच्या वतीनं शब्द देणारा माणूस नव्हता. एन्सियोनं मॅटचे कागद उचलले आणि त्या रिकाम्या जागेत सरकवले.

"हीटर लावू. वाळेल."

"कुणाची हरकत?" हेन्नानं विचारलं.

काँक्रीटवाले काम संपवून कधीच गेले होते. मॅट लावणारा कार्लो गप्प राहिला, कारण काँक्रीट त्याचं नव्हतं. दुसऱ्याच्या कामात तोंड घालणं आमच्यात वाईट दिसतं. बाहेरच्या माणसाला ती शांतता होकारासारखी वाटते. हेन्नानं मान हलवली आणि पुढचा विषय घेतला.

जुलैत कार्लोनं जमिनीला भोकं पाडून आत ओल मोजली.

"ओलं आहे," तो म्हणाला.

"वर तर कोरडं लागतंय," एन्सियो म्हणाला.

"जुन्या शाळेतही वर कोरडंच लागायचं. मी मॅट लावतो, माझं काय जातंय? फक्त तू तोंडानं सांग, लाव म्हणून."

हेन्नानं कंपनीला फोन केला. कंपनी म्हणाली, लावा. एन्सियो बराच वेळ गुडघ्यावर बसून हातानं काँक्रीट चाचपत राहिला. मग ऑफिसात गेला आणि मॅटचे कागद काढून पूर्वीच्या जागी लावले.

"पोरं बूट काढून नुसत्या मोज्यांवर बसणार इथे. ओल्यावर नाही लावायची."

"मग ऑगस्ट?" मी विचारलं.

"ऑगस्ट गेला."

त्याचा मला अभिमान वाटला, आणि फार वाईटही वाटलं. पातेल्याशेजारचं त्याचं बोलणं गावानं त्याला पुन्हा पुन्हा ऐकवलं, दुकानात, सौनाच्या वाफेत, चर्चबाहेर. तो ऐकून घ्यायचा.

बर्फ पडायच्या सुमाराला जमीन वाळली. कार्लोनं मॅट अशी लावली की सांधा शोधून सापडू नये. नाताळानंतर पोरं परत आणायची का, हे पालिकेनं आईबापांना विचारलं. गावच्या सभागृहात सभा झाली. शहरातच राहू द्यायची असतील त्यांनी हात वर करा, असं म्हटल्यावर हात वर होत गेले. त्यांत एन्सियोची मुलगी योनाही होती.

बाहेर आल्यावर ती त्याला म्हणाली, "बाबा, पिहला आता सकाळी रडत नाही. मैत्रिणी झाल्यात तिला तिकडे. तिला परत उपटून आणू का?"

"बरोबर आहे तुझं," तो म्हणाला आणि गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडायला लागला.

पालिका आता इमारत विकायला बघते. पाइप गोठू नयेत म्हणून एन्सियो अधूनमधून जाऊन आत ऊब ठेवतो. परवा गिऱ्हाईक यायचं होतं म्हणून एक खरचटलेली भिंत रंगवायला त्यानं मला बोलावलं. दारातच तो वाकला आणि बूट काढायला लागला.

"आता कुणासाठी रे?" मी म्हटलं.

"जमीन चांगली आहे," तो म्हणाला.

मीही बूट काढले. पोरांच्या बुटांसाठी केलेली फळी तिथे भिंतभर गेलीय. तिच्या एका टोकाला आम्ही आमचे दोन जोड ठेवले आणि मोज्यांवर आत गेलो.