बाळंतिणीच्या घरावरून मशीन

मशीनला दोर बांधून झाला होता, हेलिकॉप्टर सुरू व्हायचं तेवढं बाकी होतं, आणि मला एका गच्चीवर दुपटी वाळत घातलेली दिसली.

लहरीपुऱ्याजवळच्या एका इमारतीच्या छपरावर एसीचं मोठं मशीन चढवायचं होतं. गल्ल्या अरुंद, क्रेन आत जाईना. म्हणून हेलिकॉप्टरखाली दोराला टांगून न्यायचं ठरलं. मी तिथली सेफ्टी ऑफिसर. काम शिकले ते साइटवरच, विचारत विचारत.

असं टांगलेलं वजन फार झोके घ्यायला लागलं की हेलिकॉप्टरच ओढलं जातं. मग पायलट बटण दाबून ते सोडून देतो. म्हणून वाटेखालची घरं रिकामी करायची, आणि पंख्याच्या वाऱ्याने उडेल असं गच्चीवर काही ठेवायचं नाही. मी शेवटचं तेच बघत होते.

आदल्या दिवशी प्रत्येक घरी विचारलं होतं, "सगळे जाणार ना?" "हो हो, सगळे!" आणि खरंच, सगळीकडे कुलपं होती. दुपट्यांच्या या एका घराला मात्र आतून कडी. दार वाजवलं, तर माझ्याच वयाच्या एक बाई आल्या.

"अहो, तुम्ही सगळे जाणार होतात ना?"

"गेले की सगळे. मुलगी बाळंत झालीय, सव्वा महिना कुठे झालाय? ती कशी जाईल? आणि मी तिच्यापाशी."

म्हणजे बाळंतीण बाहेर पडतच नाही, म्हणून तिला कुणी मोजलंच नव्हतं!

"अहो, दवाखान्यातून आणलीत ना तिला?"

"आत आणली. बाहेर कुठे काढली?"

तेवढ्यात वॉकीटॉकीवर आमचे गुजराती मॅनेजर, "बेन, शुं थयुं?" मी सांगितलं. तर म्हणतात, "तमे सेफ्टी जुओ छो के सुवावड?" सुवावड म्हणजे बाळंतपण.

म्हटलं, "आज दोन्ही, साहेब. मी सांगेपर्यंत काही उचलायचं नाही."

आतल्या खोलीत ओव्याच्या धुरीचा वास होता. बाळ मुठी आवळून झोपलेलं. मी त्या बाईंना बटणाचं सांगितलं.

"म्हणजे मुद्दाम सोडतात?"

"मुद्दाम. नाहीतर हेलिकॉप्टरच खाली येईल."

त्या बाळाकडे बघत राहिल्या. खाटेवरून मुलगी हळूच म्हणाली, "आई, मी जाते गं. मला भीती वाटतेय."

मग मात्र बाई उठल्या. मुलीच्या कानांत कापूस घातला, वरून स्कार्फ बांधला. मला म्हणाल्या, "वारा लागला तर तुम्ही जबाबदार हं!"

"मी जबाबदार," म्हटलं. बाळाला मीच उचललं. शेकलेलं, ऊन ऊन अंग. छातीशी धरलं तर झोपेतच हसलं.

वारा लागू नये म्हणून बंद गाडी हवी, ती म्हणजे आमची ॲम्ब्युलन्सच. गच्चीवरची दुपटी काढून घेतली आणि तिघांना नागरवाड्यात माझ्या घरी धाडलं. सुनेला फोन केला, "खिडक्या लाव, पाणी तापव, माहेरवाशीण येतेय." ॲम्ब्युलन्स जागेवर नसली तर वजन उचलायचं नाही हा नियम, त्यामुळे ती परत येईपर्यंत सगळे थांबले. मॅनेजर माझ्याशी बोलेनात.

मग मशीन गेलं. त्या घरावरून जाताना थोडं हललं, सावरलं, छपरावर नीट बसलं. काही पडलं नाही.

"जोयुं? कंई न थयुं," मॅनेजर म्हणाले. काही झालं नाही, म्हणजे आमचं काम झालं. पण हे त्यांना कुठे समजावत बसू?

त्यानंतर मी घरोघरी वेगळं विचारायला लागले. सगळे जाणार ना, असं नाही. घरात कोण आहे जे जाऊच शकत नाही, असं.