शांत स्वभावाची म्हणे!

शोकसभेत संचालकसाहेब हात जोडून म्हणाले, "मंगलजी बड़े शांत स्वभाव की थीं." मी उठलेच होते; भाऊजींनी हात धरून खाली बसवलं. ताईला जाऊन महिना झाला... माझा राग अजून उतरलेला नाही.

मंगलताई, माझी थोरली बहीण, मानसशास्त्र शिकलेली. नोकरभरती करून देणाऱ्या याच साहेबांच्या संस्थेत ती उमेदवारांच्या व्यक्तिमत्त्व चाचण्या घ्यायची. चाचणी परदेशातली, हिंदी भाषांतर इथलं. त्यात एक विधान होतं, 'मला एकटीनं वेळ घालवायला आवडतं.' रुखसार नावाच्या मुलीनं 'नाही' लिहिलं. असल्या आणखी चार उत्तरांवरून ती 'परावलंबी' ठरली. ताईनं तिला बोलावून विचारलं, तर म्हणाली, "मैडम, एक कमरे में इतने सारे लोग. अकेली कभी रही ही नहीं, पसंद का क्या बताऊँ?" आणि हीच मुलगी आजारी वडिलांना एकटी इस्पितळात नेत-आणत होती!

ताई तडक साहेबांच्या खोलीत शिरली. तिथून ती बरखेड्याला माझ्या घरी आली, ती रागातच. दिलेलं पाणीही प्यायली नाही. "अगं, प्रश्न आपला चुकलेला आणि नापास ती? आणि ज्याला नोकरी हवीय तो खरं कशाला लिहील? समोरच्याला काय हवंय तेच लिहील ना! तर साहेब म्हणतात, 'टेस्ट सबके लिए एक है, मंगलजी, दिल पर मत लीजिए.'"

तिनं निकालावर सही केली नाही. दुसऱ्या कुणीतरी केली. रुखसारला ती नोकरी मिळाली नाही. ताईचं काम काढून घेऊन तिला ग्रंथालयात बसवलं, आणि वर शेरा मारला, 'भावनिक स्थैर्य कमी'. निवृत्त होईपर्यंत ती तिथेच होती. साहेबांच्या भीतीनं कुणी तिच्याशी धड बोलतसुद्धा नव्हतं... तिचं ते गप्प बसणं या माणसानं स्वभाव म्हणून मोजलं! जिवंतपणी अस्थिर, मेल्यावर शांत. दोन्ही वेळा मोजणारे हेच.

ताईची एक सवय होती. अमका रागीट, तमका भित्रा, असं कुणी म्हटलं की ती लगेच विचारायची, "कधी? कोणापुढे?"

परवा अरेरा कॉलनीत तिच्या स्वयंपाकघरात भाऊजींनी माझ्यासाठी चहा केला. कप पुढे करत म्हणाले, "तुझी बहीण फार हट्टी होती बघ." आणि कुणी टोकल्यासारखे थांबले.

"साहेबापुढे," ते सावकाश म्हणाले. "घरी तर भाजीसुद्धा मला विचारून करायची."