हर्शल टर्नबोचं बिनतणाचं अंगण

हर्शल टर्नबोला माणसांपेक्षा गवत प्रिय होतं, आणि ही गोष्ट त्याच्या बायकोसकट साऱ्या गल्लीला ठाऊक होती. जॉर्जियातल्या सँडर्सव्हिलच्या पांढऱ्या मातीच्या खाणीत उभा जन्म काढलेला माणूस. संध्याकाळी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा पांढराफटक होऊन घरी यायचा आणि बूट काढायच्या आधी अंगणात वाकून तण शोधायचा. निवृत्त झाल्यावर तर विचारूच नका. शेजाऱ्याचं कुत्रं गवताच्या कडेला नुसतं उभं राहिलं तरी हा पाण्याची नळी घेऊन धावे.

वसंतात हिरवंगार अंगण हवं तर तणाचा बंदोबस्त थंडीत, तोही उगवण्याआधी करायचा, हे तो चर्चच्या पायऱ्यांवर कुणालाही धरून ऐकवायचा. सप्टेंबर सरत आला की चाकांच्या ढकलगाडीतून औषधाचे पिवळे दाणे अंगणभर पसरायचा आणि वर पाणी मारायचा. मातीच्या वरच्या थरात ते औषध मुरे, आणि थंडीभर जे बी रुजू पाहील त्याचा कोंब तिथल्या तिथे मरे. उन्हाळी तणासाठी फेब्रुवारीत पुन्हा एक हात. एकदा दाणे टाकले की माती उकरायची नाही, नाहीतर थर फुटतो. लोकांची अंगणं जांभळ्या रानफुलांनी भरून जात तेव्हा याचं वाळकं गवत मात्र झाडून काढल्यासारखं लख्ख असे. ‘महिन्याचं अंगण’ ही वसाहतीची पाटी एप्रिलमध्ये बहुधा त्याच्याच दारात रोवली जाई.

त्याची बायको व्हर्डी. तिच्या आईच्या परसात लार्कस्परचे निळे तुरे कमरेएवढे वाढत. आईच्या मागे धाकट्या बहिणीनं, नेटी फेनं, ते बी चालू ठेवलं होतं. पण आता तीही घर विकून फ्लॅटमध्ये गेली, आणि जाताना बियांची शेवटची बरणी व्हर्डीला देऊन गेली. व्हर्डी लग्नापासून खिडकीखालची एक पट्टी मागत होती.

“फुलं हवीत तर दुकानातून आण,” हर्शल म्हणायचा. “माझ्या गवतात तुझं फूल काय नि तण काय, दोन्ही सारखंच.”

मग व्हर्डीचा कॅन्सर यकृतापर्यंत गेला आणि आता उपाय नाही म्हणून दवाखान्यानं तिला घरी पाठवलं. नोव्हेंबर होता. पाद्री ब्रदर कोल्सन प्रार्थनेला आले होते, नेटी फे उशाशी बसली होती.

“हर्शल, आता तरी ती पट्टी दे रे मला,” व्हर्डी म्हणाली. “वसंतापर्यंत टिकले तर आईचं निळं बघून जाईन.”

दोघांनी हर्शलकडे पाहिलं.

“अगं, मागायचं काय त्यात?” हर्शल म्हणाला. “खिडकीखालची सगळी जागा तुझी. पेर खुशाल.”

नेटी फेचे डोळे भरून आले. ब्रदर कोल्सननी त्याची पाठ थोपटली, आणि या गृहस्थानं ती थोपटून घेतली. त्या पट्टीत भिंतीपर्यंत औषध पडलेलं आहे आणि वसंतापर्यंत तिथे काहीही उगवणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. आजारी बाईचं मनही राहील आणि गवतही राहील, असा त्याचा हिशेब. इतका फुकटचा मोठेपणा मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही.

नेटी फेनं चाकांची खुर्ची ढकलत तिला बाहेर नेलं. व्हर्डीनं वाकून, धापा टाकत बी पेरलं. पुढच्याच आठवड्यात चर्चच्या लोकांनी खुर्चीसाठी लाकडी उतार बांधला आणि त्याचे खांब त्याच पट्टीत खोल खड्डे करून रोवले.

मग रोज सकाळी तेच सुरू झालं.

“काही दिसतंय का रे?”

“थंडी आहे. थांब जरा.”

जानेवारीत ती म्हणाली, “आता केसासारखी बारीक पानं यायलाच हवीत.”

“बी जुनं असेल.”

“जुनं कसं? गेल्या उन्हाळ्यातलं आहे.”

“मग तुझ्या हातालाच आता गुण राहिला नसेल.”

ती आपला पिवळा पडलेला हात बराच वेळ उलटसुलट करून बघत राहिली.

बरणीत चिमूटभर बी अजून होतं. दुकानातून मातीची एक पिशवी आणली असती, टबात भरून खिडकीत ठेवली असती, तर काम झालं असतं. त्याच्या मनात ते आलंही. पण मग जमिनीत का उगवत नाही ते सांगावं लागलं असतं, म्हणून तो गप्प बसला. शेवटी ते उरलेलं बीही व्हर्डीनं खिडकीतून त्याच मातीत टाकलं. एप्रिलमध्ये ती गेली. लोक दुखवट्याचं जेवण म्हणून भाजलेलं हॅम आणि बटाट्याचे कॅसरोल घेऊन आले तेव्हा दारात ‘महिन्याचं अंगण’ ही पाटी होती.

“शेवटी शेवटी किती छान हिरवं बघायला मिळालं हो तिला!” शेजारीण म्हणाली.

“थँक्यू,” हर्शल म्हणाला.

ऑक्टोबरमध्ये चर्चच्या लोकांनी उतार काढून नेला. खांब उपटताना खालची, औषध न लागलेली माती वर आली. औषध आधीच टाकून झालं होतं. एरवी त्यानं तिथे पुन्हा दाणे टाकले असते. या वर्षी त्यानं ती माती नुसती पायानं दाबली.

फेब्रुवारीत ढकलगाडी बाहेर काढताना त्याला खिडकीखाली केसासारख्या बारीक पानांचं एक रोप दिसलं. गुडघे कधी टेकले, सुरी कधी घातली, त्याचं त्यालाही कळलं नाही. मुळासकट उपटून त्यानं ते सिमेंटवर भिरकावलं. बऱ्याच महिन्यांनी त्याला जरा बरं वाटलं.

दुपारी नेटी फे बहिणीचे कोट न्यायला आली आणि वाटेतच थबकली.

“हे कुठून उपटलंस?”

“खिडकीखालून. तण आहे.”

“तण?” तिनं ते तळहातावर घेतलं. “हर्शल, हे आईचं लार्कस्पर आहे.”

त्यानं लार्कस्परचं कोवळं रोप कधी पाहिलंच नव्हतं. उगवू दिलं असतं तर पाहिलं असतं. तिच्या हातातून घेऊन त्यानं बोटानं खड्डा केला, रोप लावलं, कपानं पाणी आणून घातलं.

“मूळ एकदा हललं की ते जगत नाही,” ती म्हणाली. “एकच कसं आलं रे? बाकीच्यांना काय झालं?”

“बी जुनं होतं.”

नेटी फेनं चिखलात आडव्या पडलेल्या त्या कोवळ्या पानांकडे पाहिलं. मग ढकलगाडीकडे, तिच्यातल्या पिवळ्या दाण्यांकडे. तिचा जन्म शेतावरचा होता.

“रोज विचारायची ना ती तुला?” ती म्हणाली. “रोज?”

कोट न घेताच ती निघून गेली.

रोप संध्याकाळपर्यंत काळं पडलं. त्या वर्षी हर्शलनं ती पट्टी सोडून बाकी अंगणात औषध टाकलं. मार्चमध्ये पट्टीत नाही नाही ते उगवलं: गोल पानांचं, काटेरी, बारीक, जांभळ्या फुलांचं. तो सकाळ-संध्याकाळ तिथे गुडघ्यांवर बसू लागला. त्यातलं एखादं तिचं आहे का, हे त्याला ओळखता येत नव्हतं, आणि नेटी फे त्याचा फोन उचलत नव्हती. त्यानं एकही उपटलं नाही.