उशिरा येणारे उत्तर

पडद्यावर वर्तुळ फिरत होते, पान उघडत नव्हते. इंटरनेटच्या वेगाचा काटा मात्र भरपूर वेग दाखवत होता. मुलाच्या मते मी घाईने दोनदा बटण दाबतो. पत्नीच्या मते संगणक माझ्यासारखाच म्हातारा झाला आहे. दोन्ही मते मला अमान्य. दोष जोडणीचाच, हे सिद्ध करण्यासाठी मी फायबरची जोडणी करणाऱ्या गृहस्थांना बोलावले.

"काका, तुमची तार उत्तम आहे," ते म्हणाले. "पण संकेतस्थळाचं नाव लिहिलं की आधी त्याचा पत्ता विचारावा लागतो. तो सांगणारी यंत्रणा उशिरा उत्तर देते."

"म्हणजे दोष माझा नाही. हे हिला ऐकवा!"

"ऐकलं हो," पत्नी आतून म्हणाली. "आता भांडण पुरे, त्यांना चहा विचारा."

त्यांनी ती यंत्रणा बदलली आणि पाने झटकन उघडू लागली. ते निघताना त्यांचे नाव घेऊन आभार मानावेत, असे मला वाटले. आमची जोडणी यांनीच केलेली. त्यांच्या मुलीची दहावी, त्यांचा दुखरा गुडघा, सारे मला ठाऊक. नाव तेवढे येईना. ते दारात हसत थांबले. मी नुसते हात जोडले.

ही म्हणेल, विसरलात. साफ चूक. मी विसरलो नव्हतो. उत्तर यायला वेळ लागत होता, आणि किती लागावा हे माझ्या हाती नव्हते.

जिन्यातली पावले थांबली, तेव्हा नाव आले. मी ते रिकाम्या दारात स्पष्ट उच्चारले.